तीन हिरवे रामधन

तमन्ना दहा वर्षांची होती तेव्हा तिनं एकदा बापाचं दुकान लावून दिलं होतं. महागावात पुसद रोडला जफर मिस्त्रीचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर. जफर एका मर्तिकाला तीन दिवस बोरी अरबला गेला होता. तेवढ्यात पोरीनं बिस्किटांचे रिकामे डबे गोळा केले. प्रत्येक कंपनीच्या पंपाचा एक मोठा डबा, त्याच्या पोटात नळ्यांचा मधला डबा, त्याच्याही पोटात वायसरची, म्हणजे रबरी चकत्यांची, डबी. वर कागद चिकटवून नावं लिहिली. जफर आला, दुकान बघून हरखला, शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका वायसरसाठी त्यानं सगळे डबे पालथे घातले.

"बेटा, हे वायसर तीन कंपन्यांच्या पंपाले बसते," तो म्हणाला. "तू त्याले एकाच्याच घरात कोंडून ठेवलं. दुसऱ्या पंपवाला आला तर मी कोणत्या डब्यात शोधू?"

तमन्ना दिवसभर रुसली. संध्याकाळी तिनंच सगळे वायसर काढून एका थाळीत ओतले आणि थाळी दुकानाच्या तोंडाशी ठेवली. ती थाळी अजून तिथंच आहे.

फरहाला, म्हणजे तमन्नाच्या आईला, ही गोष्ट आठवायचं काही कारण नव्हतं. पण पोर रोज सकाळपासून लॅपटॉपसमोर पाठ वाकवून बसली की फरहाला ती डबे लावणारी पोरच दिसायची. फरहा दारव्ह्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन महागावला आली, पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली, आणि उरलेल्या वेळात काळजी करू लागली. काळजीला तिला कारण लागत नसे. उलट कारण सापडलं की ती जरा शांत व्हायची, कारण मग हाताला काही काम मिळायचं. नवरा दुकान बंद करायला पाच मिनिटं उशीर करो, पोरगी पुसदहून यायची बस चुको, फरहा दारात. "तुझी अम्मी म्हणजे दरवाज्याची तिसरी कडी," जफर पोरीला म्हणायचा.

२०१७ च्या त्या पावसाळ्यात मात्र कारणांना तोटा नव्हता. पोळा होऊन तीन-चार आठवडे झाले होते. कपाशी, म्हणजे इथली पऱ्हाटी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी. जे बियाणं अळीला पुरून उरतं म्हणत होते, त्याच बियाण्याच्या झाडांवर लोक आठवड्यातून दोनदा फवारत होते. झाड डोक्याच्या वर, म्हणजे फवाराही वरच मारायचा, आणि वर मारलेलं औषध खाली तोंडावरच येणार. पेपरात रोज बातमी, अमक्या गावचे इतके फवारणीवाले दवाखान्यात. काही घरी परत येत नव्हते. फरहा पेपर वाचून घडी करायची आणि पुन्हा उघडून वाचायची. दुकानात पंपांची रांग लागली होती. जफरला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि ह्या बरकतीचं फरहाला काही बरं वाटत नव्हतं.

तमन्नाला काम मिळालं होतं ते ह्याच गोष्टीतून. पुसदला बी.सी.ए. करून ती घरी बसली होती. यवतमाळच्या एका संस्थेनं तिला तीन महिन्यांसाठी ठेवलं. काम असं: बारा गावांत एकेक स्वयंसेवक, त्यानं रोज संध्याकाळी मोबाइलवर नोंद करायची, आज कोणी फवारणी केली, किती तास, कोणतं औषध. एखाद्यानं लागोपाठ तीन दिवस फवारलं की त्याच्या नावापुढं लाल खूण उमटणार. स्वयंसेवकानं जाऊन त्याला थांबवायचं, निदान चार दिवस विश्रांती. नाहीतर हिरवी खूण. एवढं साधं.

"हे बघ अम्मी," काम सुरू केलं तेव्हा तमन्नानं दाखवलं होतं. "प्रत्येक पानाला पत्ता असतो. हा वर दिसतो ना, ह्या पट्टीत. कोणत्या पत्त्यावर आलं की कोणतं पान उघडायचं, ते ह्या एका फाइलीत लिहायचं. त्याले राउट म्हणतात."

फाइलीत ओळी होत्या, आणि एका ओळीच्या पोटात दुसरी, थोडी आत सरकवून. गाव. त्याच्या आत शेतकरी. त्याच्या आत मजूर. त्याच्या आत फवारणी. वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होते: गाव, मग चार, मग शेतकरी, सतरा, मग मजूर, तीन, मग फवारणी. फरहानं बोट ठेवून वाचलं. पोस्टातला पत्ता उलटा लिहावा तसं वाटलं तिला.

"लांब नाही होत?"

"होते. कॉलेजातले सर म्हणायचे, एकाच्या पोटात एक ठीक, त्याहून खोल जाऊ नका. पण त्यांनी आपलं गाव कुठं पाह्यलं? इथं कोण्या मजुराले नुसतं नावानं कोण ओळखते? मी नयनभाऊले विचारलं, तुमच्या गावात फवारणीवाले कोण. तर म्हणे मारोतरावचा रामधन, पाटलाचा दिलीप. असंच सांगतात सगळे. मग मी तसंच लावलं. मजूर मालकाच्या पानावर."

नयन त्या चार नंबरच्या गावचा स्वयंसेवक, मारोतरावचाच मुलगा. फरहाला पोरीचं म्हणणं पटलं. दुकानातही हेच चालायचं. दुरुस्तीला आलेल्या पंपावर जफर खडूनं मालकाचं नाव लिहायचा आणि खाली बारीक अक्षरात पंप पाठीवर घेणाऱ्याचं. पंप कोणाचा ते आधी, पाठ कोणाची ते नंतर. ह्यात कोणाला काही वावगं वाटल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

रविवार होता, शिकवणीला सुट्टी. सकाळी नऊच्या सुमारास रामधन आडे दुकानात आला. महागावपासून सहा-सात किलोमीटरवर त्यांचा बंजारा तांडा, तिथून आजूबाजूच्या तीन-चार गावांत तो गुत्त्यानं, ठोक मजुरीवर, फवारणीला जायचा. पस्तिशीचा माणूस, हसरा, येताना नेहमी जफरची काहीतरी खोडी काढणारा. पंपाची नळी जोडाशी गळत होती.

"मिस्त्री, तुमच्या पंपानं आज मलेच आंघोळ घातली," तो म्हणाला.

"पंप माझा नाही बाबा, मालकाचा. माझा असता तर गळला असता का?" जफर म्हणाला. "बस. दहा मिनिट."

फरहा आतून चहा घेऊन आली. रामधननं दोन्ही हातांनी कप धरला तरी चहा बशीत सांडला. त्यानं बशी बघितली, मग फरहाकडं बघितलं, आणि डोळे बारीक केले.

"भाभी, तुम्ही दारात उभ्या हाय की तुमच्या मागं आनखी कोणी हाय?"

"मीच आहे रे. काहून?"

"दोन दोन दिसून राह्यले सकाळपासून." तो हसला. "चष्मा लागते वाटते आता."

त्याच्या डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ही खूण फरहानं पेपरात वाचली होती. तिची नजर पंपावर गेली. पट्ट्यावर खडूनं मारोतराव लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली अर्धवट पुसलेलं दुसरं नाव, बबनराव.

"किती दिवस झाले फवारून राह्यला?"

"कोण मोजते भाभी. सोमवारी मारोतरावच्या वावरात घुसलो. मंग बबनरावचं, तिकडं. काल-परवा नाल्यापलीकडच्या तानाबाईच्या पऱ्हाटीत होतो. आज पुन्हा मारोतराव. अळी काही सुट्टी घेत नाही."

सोमवार ते रविवार. फरहानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मग रामधनला "इथंच बस, जाऊ नको" म्हणून ती आत गेली.

"तमन्ना, त्या रामधनचं पान काढ."

"कोणाचा रामधन?"

"कोणाचा म्हणजे? रामधन. दुकानात बसला आहे तो."

"तसं नाही उघडत अम्मी. गाव सांग, मग शेतकरी सांग. मग त्याच्यात मजूर."

"मारोतराव."

तमन्नानं उघडलं. रामधन, सोमवार, मंगळवार. दोन दिवस. हिरवा.

"आता बबनराव."

दुसरं गाव, दुसरं पान. रामधन, बुधवार, गुरुवार. हिरवा.

"तानाबाई. नाल्यापलीकडचं गाव."

तिथंही एक रामधन होता. शुक्रवार, शनिवार. हिरवा.

तमन्नाचा हात माउसवरून निघाला. तिनं तिन्ही पानं एकाशेजारी एक लावली. तीन गावं, तीन स्वयंसेवक, तीन रामधन, तिघांच्याही कपाळी हिरवी खूण. तिघंही दोन-दोन दिवस काम करून आराम करणारे, तब्येतीनं ठणठणीत.

"अम्मी," ती हळू म्हणाली, "हा एकच आहे?"

"एकच आहे."

"मग मले तो कुठंच दिसत नाही. त्याच्याकडं जायले रस्ताच नाही ठेवला मी. मालकाच्या दारातूनच जावं लागते. आणि दिवस मोजून राह्यली मी त्या दाराच्या आतले."

फरहा दुकानाकडं धावली. जफर एकटाच बसला होता, हाताला ग्रीस.

"रामधन?"

"गेला. म्हणे उन्ह चढते. सायकलवर."

"तुम्ही जाऊ कसं दिलं?"

"पंप झाला, मी कायले थांबवू? झालं काय?"

फरहानं सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण सांगतो आहोत ते नुसतं रामधनचं नाही. उद्या त्या माणसाला काही झालं, तर बारा गावांत एक यंत्र होतं जे म्हणत होतं ह्याला काही झालेलं नाही, आणि ते यंत्र आतल्या खोलीत तिच्या पोरीनं बनवलं होतं. तिनं नयनला फोन लावला.

"चाची, सलाम. बोला."

"नयन, रामधन तुमच्या वावरात येऊन राह्यला. त्याले फवारू देऊ नको. आजचा सातवा दिवस आहे त्याचा."

"सातवा कुठून चाची? मी आत्ताच पाह्यलं ना मोबाइलवर. त्याचे दोनच दिवस आहेत. हिरवा आहे तो."

"ते चुकीचं आहे."

"तमन्नानं बनवलं आणि तुम्हीच चुकीचं म्हणता?" नयन हसला. "बाबा वावरात हायेत, त्यांच्याजवळ फोन नाही. मी तर उमरखेडच्या बसमध्ये आहे. संध्याकाळी बोलतो त्याच्याशी. आणि चाची, पऱ्हाटी पाह्यली का तुम्ही? आज नाही मारलं तर उद्या वेचायले काही राहणार नाही."

तमन्ना मागे येऊन उभी होती. तिनं आईच्या हातातून फोन घेतला.

"नयनभाऊ, मी तमन्ना. हिरवं आहे ते माझं चुकलं आहे. रामधन तीन ठिकाणी लिहिला आहे. मी त्याले तीन माणसं केलं. तू कोणाले तरी फोन कर शेजारच्या वावरात. आत्ता."

मग नयन म्हणाला, "करतो."

जफरनं हात पुसले न पुसले तोच गाडी काढली. फरहा मागं बसली. लग्नानंतर ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओढणी नीट न घेता घराबाहेर पडली असेल. निघताना तिनं मागं वळून बघितलं. तमन्ना दारात थांबली नव्हती, आत गेली होती. खुर्ची ओढल्याचा आवाज तेवढा आला.

मारोतरावचं वावर पांदणीच्या शेवटाला. गाडी चिखलात रुतली तशी फरहा उतरून चालायला लागली, मग पळायला. पांदणीत एक सायकल निंबाला टेकवलेली. आत कपाशीच्या भिंती, हिरव्यागार, वरून काहीच दिसेना. पंपाचा आवाज नव्हता. आवाज नाही म्हणून तिला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्याच कारणानं ती हाका मारत सुटली.

"रामधन! ए रामधन!"

मारोतराव पलीकडच्या धुऱ्यावरून ओरडले, "कोण हाय? इकडं, इकडं या!"

रामधन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता, पंप अजून पाठीवर. समोर उलटी. तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला ती पुसायचं भान नव्हतं. मारोतराव, साठीचे, धोतराचा सोगा धरून त्याच्यावर वाकले होते.

"आत्ताच बसला हो. दोन ओळी नाही झाल्या. म्या म्हटलं ऊन लागलं."

"ऊन नाही भाऊ," जफर म्हणाला आणि त्यानं आधी पंपाचे पट्टे सोडवले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत अकरा वाजले. मारोतरावांच्या पुतण्याचा ऑटो मिळाला म्हणून. रामधनची बायको रुपीबाई तांड्यावरून कोणाच्या तरी गाडीवर येऊन थडकली, हातात खुरपं तसंच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांच्याकडं त्या दिवशी आधीच दोन असे आलेले. रामधनचे कपडे उतरवून साबणानं अंग धुवायला सांगितलं, सुई टोचली, आणि बाहेर येऊन विचारलं, "किती दिवस फवारतोय हा? आणि कोणकोणतं औषध?"

"दोन दिवस, बाई," मारोतराव म्हणाले. "आजचा तिसरा, म्हणजे मधात खाडा होता. नोंद हाय ना. पोरानं मोबाइलवर ठेवली." आणि प्रामाणिकपणे वर जोडलं, "हिरवा होता तो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या वावरात तो दोनच दिवस होता.

"सात दिवस," फरहा म्हणाली.

"मग दोन का सात?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "आणि औषध? वेगवेगळ्या औषधांवर वेगवेगळा इलाज असतो. मला अंदाज नको."

रुपीबाई म्हणाली, "घरी आला का कपडे वास मारतात, एवढं माहीत हाय मले. बाटली मालकाकडंच राह्यते."

फरहानं घरी फोन लावला. तमन्नानं पहिल्याच रिंगला उचलला, जणू हातातच होता.

"अम्मी, मी मजूर बाहेर काढला. मालकाच्या पोटातून. आता त्याचं स्वतःचं पान आहे, सगळ्यांत वर, गावाच्या बरोबरीनं. पण जोडायचं कसं? तिघांच्या नावापुढं मोबाइल नंबर वेगवेगळे आहेत."

"त्याच्याजवळ मोबाइलच नाही गं. मालकांचे नंबर असतील."

तमन्नानं तिन्ही नंबर पुन्हा पाहिले. मग, "हो. मालकांचेच आहेत. म्हणजे मशीनले कळूच शकत नाही. सांग तू, तिन्ही एकच, नक्की?"

"नक्की."

बटणं दाबल्याचा आवाज आला. फरहा फोन कानाला लावून डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"झालं. लिहून घ्यायले सांग अम्मी."

एकेक दिवस तमन्ना वाचत गेली आणि फरहा मागोमाग बोलत गेली. सोमवारी पाच तास, अमुक औषध. मंगळवारी सहा, तेच. बुधवारी बबनरावकडं दोन औषधं एकत्र करून. तिथं डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं, "पुन्हा सांगा," म्हणाल्या. गुरुवार. शुक्रवार. शनिवारी तानाबाईकडं आठ तास. रविवारचं मारोतरावांनी स्वतः खाली मान घालून सांगितलं.

"हे आधी का नाही दिसलं कोणाला?" डॉक्टरीणबाई कागद घेऊन आत जाता जाता म्हणाल्या. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. फोन चालूच होता. तमन्नानं ते ऐकलं असणार.

"अम्मी."

"बोल."

"बाकीचेही असतील ना. रामधनसारखे. मले एकशे चाळीस नावं दिसून राह्यली. दोन नामा आहेत, चार दिलीप आहेत. कोणता दिलीप कोणता, मले कसं समजणार?"

फरहानं बाकावर बसलेल्या रुपीबाईकडं बघितलं. ती दाराकडं डोळे लावून होती, पदराचं टोक दातात. अशा वेळी ह्या बाईला काय विचारायचं? फरहानं फोन ओढणीआड धरला. पण रुपीबाईनं ऐकलं होतं.

"काय म्हणते पोरगी?"

"काही नाही. तांड्यातले कोण कोण फवारणीला जातात, विचारत होती. राहू दे आत्ता."

"राहू कायले दे? बसून म्या काय करू इथं? नुसती बसली तर जीव जाईन माझा. आण तो फोन." रुपीबाईनं खुरपं बाकाखाली सरकवलं आणि फोन कानाला लावला. "हां बाई, विचार. कोणता दिलीप? पाटलाचा अन् बबनरावचा? तो एकच हाय. लालीबाईचा पोरगा. एक कान फाटका हाय त्याचा. ते तू नको लिहू... दुसरा? तो आमचा नाही, तो पुसदकडचा, पावण्याकडं येऊन राह्यला. नामा? कोणत्या गावात म्हणते? हो, एकच. त्याची बायको रडून राह्यली काल, उलटी होते म्हणे."

अर्धा तास ती बोलत होती. मधेच थांबायची, आतल्या दाराकडं बघायची, पुन्हा "हां, पुढचा सांग." मारोतराव भिंतीला टेकून ऐकत होते. एकदा त्यांनी दुरुस्ती केली, "तो मंगळवारी आमच्यात होता, रुपीबाई, बुधवारी नाही." रुपीबाईनं त्यांच्याकडं न बघता फोनमध्ये सांगितलं, "मालक म्हणते मंगळवार. मंगळवार लिव."

दुपारी तीनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, श्वास आता ठीक आहे, रात्रभर ठेवू, डोळ्यांचं नंतर बघू. रामधन वाचला. पुढं दीड महिना त्याला सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसत होतं आणि त्या वर्षी त्यानं पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही. पण हे सगळं नंतर कळायचं होतं. त्या दुपारी रुपीबाईला एवढंच कळलं की आत जायला परवानगी आहे, आणि ती खुरपं बाकाखालीच विसरून आत गेली.

फरहा घरी पोचली तेव्हा तमन्ना सकाळच्याच खुर्चीत होती. शेजारी दुपारचं जेवण झाकलेलं, तसंच. राउटची फाइल उघडी होती. फरहाला त्यातलं फार कळत नव्हतं, पण आकार दिसत होता. आधी ओळी जिन्यासारख्या आत आत उतरत गेल्या होत्या. आता त्या सपाट होत्या. गाव, त्याच्या पोटात शेतकरी. मग एक वेगळी ओळ, डाव्या कडेला चिकटून: मजूर. त्याच्या पोटात फक्त फवारणी.

"मालक कुठं गेला?" फरहानं विचारलं.

"आहे ना. फवारणीच्या नोंदीत नुसतं लिहिलं आहे, कोणाचं वावर म्हणून." तमन्नानं डोळे चोळले. "आणि जुने पत्तेही चालू ठेवले. स्वयंसेवकांनी ते व्हॉट्सॲपवर जपून ठेवले आहेत. त्यांनी जुना दाबला का तो आपोआप नव्या पानावर नेऊन सोडते. त्यांचं काही अडणार नाही."

दारात जफर हात धूत होता. तिथूनच म्हणाला, "वायसर थाळीत ओतले वाटते."

एरवी तमन्ना चिडली असती. आज तिनं मान हलवली आणि स्क्रीनकडं वळली.

"अम्मी, हे पाह्य."

सकाळी जिथं बारा गावांत एकही लाल खूण नव्हती, तिथं मजुरांची एक सरळ यादी होती, आणि यादीच्या डोक्याशी अकरा नावं लाल. लालीबाईचा दिलीप, सलग सहा दिवस. नामा, आठ. एक बाई होती, सुखीबाई, पाच दिवस. बाकीच्यांची नावं फरहानं ओळखली नाहीत. अकराही जण सकाळपर्यंत हिरवे होते. कालही हिरवे होते. परवाही.

"कधीपासून?" फरहानं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"मी बनवलं तेव्हापासून," तमन्ना म्हणाली. "संस्थेले कळवलं मी. सगळं लिहून. ते काय म्हणायचं ते म्हणोत. आधी ह्यांना फोन लावायचे."

स्वयंसेवकांना तिनं निरोप टाकले होते, तिघांची उत्तरं आली होती. बाकीच्यांसाठी त्या दोघींनी यादी वाटून घेतली. नंबर मालकांचेच होते. फरहानं पहिला लावला. "हिरवा होता ना तो?" पलीकडचा म्हणाला. "आता नाही," फरहा म्हणाली. "उद्या त्याले वावरात जाऊ देऊ नका. आणि आत्ता त्याच्या घरी जाऊन त्याचे डोळे पाह्या." दुसऱ्यानं ऐकलं. तिसऱ्यानं आधी वाद घातला, मग रामधनचं नाव ऐकून कबूल झाला. चौथ्याच्या फोनवर सुखीबाईच बोलली, मालकाच्या अंगणात भाकरी थापत होती म्हणे, आणि हसून म्हणाली, "माह्यासाठी फोन? माह्यासाठी कोणाचा फोन?"

नामाच्या मालकाचा फोन लागत नव्हता. एकदा, दोनदा, चारदा. दुसऱ्या मालकाचाही नाही. त्या गावच्या स्वयंसेवकाचा मोबाइल बंद.

"बायको रडून राह्यली म्हणे काल," तमन्ना म्हणाली. ती उठली आणि खुंटीवरची ओढणी घेतली. "अब्बू, गाडीत पेट्रोल आहे?"

जफरनं बायकोकडं बघितलं. एरवी फरहा म्हणाली असती, अंधार पडून राह्यला, रस्ता खराब, तू कायले, अब्बू जातील. ती दारापर्यंत गेलीही. मग परत फिरली, पोरीच्या खुर्चीत बसली आणि यादीतलं पुढचं नाव शोधलं.

"पोचल्यावर फोन कर," ती म्हणाली. "मी इकडून लावत राहते."

बाहेर गाडी सुरू झाली. फरहानं त्या नावापुढचा नंबर फिरवला आणि पलीकडं रिंग वाजायला लागली.